माशांच्या श्वासासाठी ट्रकची बॅटरी

आमच्या बाबांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली ती त्यांच्या निरोप समारंभात, हार गळ्यात पडत असतानाच. हार वजनदार होता असं बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले. डॉक्टर म्हणाले, हार नव्हे, रक्तदाब. गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, जिने चढणं बंद केलं, पेपरातलं राजकारण बंद केलं, आणि सगळं बंद केल्यावर माणूस दिवसभर करणार काय म्हणून सांगितलं, "घरात फिशटँक आणा. मासे बघत बसा. मन शांत होतं, दाब उतरतो."

आमच्या घरात मासा म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. ताटाबाहेरच्या माशाशी आमची ओळख नव्हती. पण डॉक्टर म्हणजे देवाच्या खालोखाल, आणि आईच्या मते देवाच्या थोडे वर. मी ठाण्याहून दोन फुटी काचेची टाकी आणि अकरा गोल्डफिश आणले. दुकानदार चारच घ्या म्हणत होता. मी म्हटलं, चार माशांनी जर दाब एवढा उतरतो तर अकरांनी किती उतरेल? हा हिशोब मी आयुष्यात सगळीकडे लावत आलोय आणि सगळीकडे तोंडावर पडलोय.

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत ती टाकी टीव्हीच्या जागी आली आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसले. खरं सांगतो, पहिले चार दिवस घरात कुणी शिंकलंसुद्धा नाही. टाकीत पंपाचे बुडबुडे वर यायचे, मासे तोंडं मिटत-उघडत फिरायचे, बाबा त्यांच्या तालात श्वास घ्यायचे. पाचव्या दिवशी शुक्रवार उजाडला.

आता त्या वर्षांत डोंबिवलीत शुक्रवार काय होता, हे ज्याने भोगलं त्यालाच माहीत. सकाळी नऊला वीज जायची ती कधी दुपारी, कधी संध्याकाळी यायची. दुरुस्ती म्हणायचे. एवढ्या शुक्रवारांच्या दुरुस्तीत नवीन डोंबिवली बांधून झाली असती. वीज गेली, पंप थांबला, बुडबुडे थांबले. तासाभरात अकराच्या अकरा मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड वर करून हवा मागायला लागले. दोन फुटांत अकरा जण, दुसरं काय होणार? आणि त्यांच्यासमोर बाबाही खुर्चीच्या कडेला येऊन, मान उंच करून, तोंड उघडून बसलेले. मला क्षणभर कळेना की आधी पाण्यातल्यांना बघायचं की बाहेरच्याला.

"अरे, पंप आण!" बाबा ओरडले.

"बाबा, वीज नाहीये."

"सायकलचा पंप आण, गाढवा!"

आणला. रबराची नळी लावली, टोक टाकीत सोडलं आणि हवा भरायला लागलो. फुस्स, फुस्स. मासे हळूहळू खाली गेले. बाबांचे खांदेही खाली आले. तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्या घरात सायकलचा पंप चालायला लागला. मी कामावर गेलेलो असलो की आई मारायची, आई दमली की शेजारच्या काकू, मग वरच्या मजल्यावरचे, मग पोस्टमन. आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये असा एक दंड उरला नव्हता ज्याने आमच्या माशांना श्वास दिला नाही. त्या वर्षी गणपतीच्या दोरीखेचीत आमची बिल्डिंग सगळ्या फेऱ्या सलग जिंकली ती काही उगीच नाही.

खाडीवरून टोपली घेऊन येणारी कोळीण मावशी शुक्रवारी दारात बसायची. तिने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोयता खालीच ठेवला.

"काय गो बाय," ती आईला म्हणाली, "आमी जल्मभर मासं मारून पोट भरलां, न तुजा नवरा त्यांना पंपानी हवा भरतंय? मासा हाय का सायकल हाय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय गं मावशी."

"मंग माज्या टोपलीतलं मासं पाल म्हनावं. यांना हवा लागत नाय, पानी लागत नाय, काय सुदीक लागत नाय."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या दिवशी मावशीकडून बांगडा घेऊ दिला नाही. शुक्रवारी आमच्याकडे मासे खाणं बंद झालं. टाकीतल्यांना वाईट वाटेल म्हणून.

हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही. एका शुक्रवारी डॉक्टर पलीकडच्या रस्त्याने जाता जाता वर आले. आई पंप मारत होती, बाबा तिचे झटके मोजत होते. "एकशे बारा, एकशे तेरा, अगं हळू पडतोय हात!" डॉक्टरांनी बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, पारा वर चढवला, आणि तो खाली येईना. त्यांनी मला गॅलरीत नेलं.

"मी मासे दिले दाब उतरवायला. इथे माशांनीच चढवलाय. असा शुक्रवार आणखी चार-पाच वेळा आला तर मला त्यांची खात्री देता येणार नाही. मासे काढून टाका, नाहीतर शुक्रवार काढून टाका."

बाबांना विचारलं. ते टाकीवर हात ठेवून बसले. चाळीस वर्षं नोकरी करून घरी आलेल्या माणसाकडे स्वतःचं असं अकरा मासेच होते. म्हणजे काढायचा तो शुक्रवारच.

"मी करतो," मी म्हटलं. "बॅटरीवर चालवतो पंप."

विजेतलं मला एवढंच कळायचं की बटण खाली केलं की चालू, वर केलं की बंद. पण एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होतो, दिवसभर फ्यूज आणि वायरींच्या पेट्या मोजत होतो, आणि पेट्या मोजणाऱ्याला आपण इंजिनियर आहोत असं वाटायला फार वेळ लागत नाही.

कुणीतरी शीळफाट्याचं नाव सांगितलं. फाट्यावर तेव्हा ट्रकच ट्रक उभे असायचे आणि त्यांच्या मध्ये एका पत्र्याच्या शेडखाली बॅटऱ्यांचा मिस्त्री. हा माणूस बॅटऱ्यांचा रोग नुसता हाक ऐकून ओळखतो अशी ख्याती होती. मी माझी अडचण सांगितली. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"मछली के लिए?"

"नाही, वडलांसाठी. म्हणजे मासेच, पण वडलांसाठी."

"हां, तो सीधा बोलो ना, वालिद साहब के लिए." त्याने एक म्हातारी ट्रकची बॅटरी पुढे सरकवली. हिने म्हणे नाशिकचा घाट तीनशे वेळा चढलेला होता, आता ट्रक ओढवत नाही, पण माशांचा पंप म्हणजे हिला पेन्शन. सोबत त्याने स्वतः कॉइल गुंडाळून बनवलेला इन्व्हर्टर दिला, बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढा पत्र्याचा डबा. डब्यातून दोन जाड वायरी निघालेल्या, एकीला लाल चिमटा, एकीला काळा.

बॅटरीवरच्या अधिक-उण्याच्या खुणा कधीच झिजून गेलेल्या. मिस्त्रीने ब्रश घेतला आणि वरच्या शिशाच्या दोन बोंडांपैकी एकावर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला.

"लाल चिमटा लाल को, काला दूसरे को. उलटा लगाया तो खेल खतम. समझा?"

"अरे उस्ताद, लाल लाल को. एवढं तर शेंबडं पोरही करेल."

त्याने डब्याच्या वायरीत एक फ्यूज बसवला. मी म्हटलं, कशाला उगाच? त्याने विचारलं, "घर में माँ है?"

"आहे ना."

"फिर फ्यूज लगता है." आणि दुसरा एक फ्यूज त्याने झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने चिकटवून टाकला. मला वाटलं, फाट्यावरच्या उन्हात डोकं फिरलंय बिचाऱ्याचं.

ती बॅटरी मी रिक्षातून मांडीवर घेऊन आलो. ती मांडीवर घेतल्यावर रिक्षाचं पुढचं चाक उचललं गेलं आणि कल्याण रस्त्यावर आम्ही बराच वेळ मागच्या दोन चाकांवर होतो. रस्त्यातले खड्डे तेव्हाही आपल्या जागी होतेच. प्रत्येक खड्ड्याला बुचातून थेंबभर ॲसिड उडायचं. मी नवीकोरी जीन्स घातलेली. मला थंडगार वाटत होतं, म्हटलं, खाडीचा वारा. घरी पोचलो तर मांडीवर चाळण. फाटक्या जीन्सची फॅशन मुंबईत फार नंतर आली असं लोक म्हणतात. डोंबिवलीत ती मी त्या संध्याकाळी घेऊन आलो, पण आईने दुसऱ्याच दिवशी तिचं पायपुसणं केलं.

बॅटरी गॅलरीत ठेवली, डबा खिडकीत, पंपाची पिन डब्याला. लाल चिमटा लालला, काळा दुसऱ्याला. पुढच्या शुक्रवारी नऊला वीज गेली. बाबा नेहमीसारखे खुर्चीच्या कडेवर. मी डब्याचं बटण दाबलं. डब्यातून भुंगा अडकल्यासारखा आवाज आला, पंप एकदा खोकला, आणि बुडबुडे! नेहमीपेक्षा जरा खरखरीत, पण बुडबुडे. मासे आपले मधल्या पाण्यात, कुणी वर आलं नाही. बाबा खुर्चीत मागे टेकले. टेकले ते टेकलेच, दुपारी दोनपर्यंत तोंड उघडं टाकून घोरत होते. आई म्हणाली, शुक्रवारी हा माणूस झोपलेला मी लग्नानंतर पहिल्यांदा बघतेय.

दोन महिन्यांत डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. मी बिल्डिंगमध्ये असा फिरायचो की विजेचा शोध आमच्याच गॅलरीत लागला असावा.

मग दसरा आला. आणि तो नेमका शुक्रवारी आला.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. बाबांचा पेनांचा डबा, आईची विळी, कात्री, शिवणयंत्राची सुई, माझा स्क्रूड्रायव्हर, सगळं पाटावर. आईचा नियम एकच, पाटावर बसलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्यालाही विसावा. म्हणून दसऱ्याची भाजीसुद्धा ती पूजेआधी पहाटे चिरून ठेवायची.

मी सकाळी शेवंतीची फुलं आणि आपट्याची पानं आणायला गेलेलो. आलो तर बॅटरी हॉलमध्ये पाटावर.

"अगं आई! हे काय?"

"घरात याच्याहून मोठं हत्यार कुठलं आहे? तुझे बाबा याच्यावर उभे आहेत." आई माझ्याकडे न बघता हार सारखा करत होती. "आणि आज दसरा आहे. वीजवाल्यांनाही सुट्टीच असेल."

चिमटे काढून बाजूला ठेवलेले. बॅटरी अशी चमकत होती की माझं तोंड दिसेल. आईने तिला चिंच लावून काथ्याने घासलं होतं, पितळेच्या समईसारखं. शिशाची दोन्ही बोंडं लखलखीत. आणि दोन्ही बोंडांवर हळद, हळदीवर कुंकवाचं ठसठशीत बोट. मला छान वाटलं. शेजारी विळी, तिच्या शेजारी झेंडूच्या हारात सायकलचा पंप. मी नमस्कार केला.

सव्वाअकराला वीज गेली.

वीजवाल्यांनी दसरा पाळला नव्हता. त्यांची हत्यारं चालू होती. आम्ही आधी वाट पाहिली, येईल पाच मिनिटांत. अर्ध्या तासाने पहिला मासा वर आला. मग दुसरा. बाबा खुर्चीच्या कडेला सरकले. "येईल रे," असं ते म्हणत होते, पण हात मांडीवर आपटत होता, आणि कानांच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या. मला त्या पाळ्यांचा रंग पाठ होता.

"आई, बॅटरी घेतो."

आईने एकदा पाटाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "घे. मी देवाचं बघते."

मी बॅटरी उचलून गॅलरीत नेली. डबा जवळ ओढला, लाल चिमटा हातात घेतला आणि थांबलो. लाल चिमटा लालला. दोन्ही लाल. बोट लावून पुसून बघितलं, कुंकू गेलं, खाली हळद. हळद पुसली, खाली चकचकीत शिसं. मिस्त्रीचा ठिपका चिंचेबरोबर मोरीतून खाडीला मिळाला होता. आणि ही पाटावरून आणताना मी कशी वळवली, डावं उजवं कुठलं, काही आठवेना.

इथे शहाण्या माणसाने थांबायचं असतं. मी अंदाजाने लावलं. फट्! एक ठिणगी उडाली, जळल्याचा वास आला, आणि डबा गप्प.

आतून बाबांचा आवाज आला, "काय झालं?" तो आवाज इतका बारीक होता की मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

मी आत आलो. मासे सगळेच्या सगळे वर. बाबा छातीवर हात ठेवून बसलेले, चेहरा कुंकवासारखा. आई कोपऱ्यात उभी होती. तिने पाटाकडे पाहिलं, हात जोडले, आणि झेंडूचा हार घातलेला सायकलचा पंप तसाच उचलला. हारासकट मारायला लागली. फुस्स, फुस्स, आणि प्रत्येक झटक्याला एक पाकळी जमिनीवर. मी कुठे जाणार होतो? शीळफाट्याचा मिस्त्री आज पाने-पकडींना हार घालून स्वतः बिर्याणी खायला गेलेला असणार. सगळ्या ठाणे जिल्ह्याची हत्यारं त्या दिवशी झोपलेली होती.

"उलटं लावलंस?" बाबा म्हणाले.

"लाल कुठलं ते कळेना. आईने..." मी आईकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. आईचा पंपावरचा हात थांबला नव्हता, पण डोळ्यांतून पाणी गळत होतं.

बाबा उठले. मला वाटलं, पडतात आता. ते म्हणाले, "बटाटा आण."

"भूक लागलीय का हो तुम्हाला?" आई घाबरून म्हणाली. "उकडलेले आहेत भाजीचे, देते."

"कच्चा. कच्चा बटाटा आण."

टोपलीच्या तळाशी एकच होता, कोंब आलेला. बाबा गॅलरीत फतकल मारून बसले. विळीला हात लावायचा नव्हता म्हणून बटाटा त्यांनी दाराच्या फटीत घालून मोडला. मग वायरचे दोन तुकडे घेतले, टोकांवरचं रबर दातांनी सोललं, तांब्याची दोन टोकं बटाट्यात बोटभर अंतरावर खुपसली. दुसरी दोन टोकं मला दोन बोंडांवर धरायला लावली.

"थांब आता. हलू नको."

मी हललो नाही. आतून फुस्स फुस्स चालू होतं. बाबा बटाट्याकडे असे बघत होते जसे एरवी माशांकडे बघायचे. एका तारेभोवती फेस आला. दुसऱ्या तारेभोवती बटाटा हळूहळू हिरवा होत गेला, अगदी पालेभाजीसारखा.

"हिरवं ते अधिक," बाबा म्हणाले. "ही तार ज्या बोंडावर आहे त्यावर लाल लाव."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या गावी, खडवलीला, चावडीवरचा रेडिओ बॅटरीवर होता. कल्याणहून बॅटरी भरून आणायची, बैलगाडीतून. बटाटा कापल्याशिवाय तिला कोण हात लावायचा?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "फ्यूज उडाला असेल. दुसरा आहे?"

तेव्हा मला झाकणाची आतली बाजू आठवली. चिकटपट्टी सोलताना मी मनातल्या मनात शीळफाट्याच्या दिशेने नमस्कार केला. फ्यूज घातला, लाल चिमटा हिरव्याच्या बोंडावर, काळा दुसऱ्यावर. बटण दाबायला मात्र माझं बोट धजेना. बाबांनीच दाबलं.

भुंगा. खोकला. बुडबुडे.

आई पंप सोडून मटकन जमिनीवर बसली, पाकळ्यांच्या मध्ये. मासे एकेक करून खाली गेले. मी मोजले, अकरा. दहा मोजल्यावर अकरावा शंखामागून येईपर्यंत माझा जीव माझ्यात नव्हता. बाबा खुर्चीकडे गेलेच नाहीत. तिथेच गॅलरीच्या उंबऱ्यावर टेकून बसले, हातात अर्धा बटाटा, आणि एक लांब श्वास सोडला. तो श्वास एवढा मोठा होता की समोरच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेली चादर हलली. हे मी शपथेवर सांगू शकतो.

साडेबाराला डॉक्टर आपट्याची पानं घेऊन आले. सोनं दिलं, सोनं घेतलं, आणि पंपाचा आवाज ऐकून चमकले. "वीज तर नाहीये." मग बाबांचा घामेजलेला चेहरा बघून त्यांनी पिशवीतून पट्टा काढला. पारा वर गेला. आम्ही तिघं त्या पाऱ्याकडे बघत होतो. तो उतरायला लागला, उतरतच गेला. डॉक्टरांनी पुन्हा एकदा मोजलं.

"गेल्या खेपेपेक्षा कमी आहे. काय केलंत आज?"

"बटाटा," बाबा म्हणाले.

"मीठ न घालता खाल्लात ना?"

आणि इथे मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "बटाट्याने अधिक-उणं शोधण्याची एक पद्धत आहे डॉक्टर. विजेतल्या माणसांनाच माहीत असते." बाबांनी ऐकलं. फक्त माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "फेस येतो ते अधिक की उणं रे?" मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो.

पुढची कितीतरी वर्षं मी ती बटाट्याची गोष्ट माझी म्हणून सांगितली, लग्नात, बारशात, एकदा तर नोकरीच्या मुलाखतीत. बाबांनी कधी खोडून काढली नाही. दाब त्यांचा बरा राहिला. टाकीत मासे बदलत गेले, वीज जाणारे शुक्रवारही गेले.

पण त्या प्रकारानंतर लगेचच्याच वर्षी दसऱ्याला मी सकाळी उठलो तर बॅटरी पाटावर होती, चिंचेने घासलेली, लखलखीत. जवळ जाऊन पाहिलं. एका बोंडावर नुसतं कुंकू होतं, दुसऱ्यावर नुसती हळद. आई विळीला हार घालत होती. पाटाच्या कडेला, फुलांच्या शेजारी, एक कच्चा बटाटाही पूजेला बसवलेला होता.

"त्याला हात लावू नको," आई म्हणाली. "आज त्याचीही सुट्टी आहे."